रेडिएटरातला भंडारा

गेल्या चैत्रात, जत्रेच्या तोंडावर, वेल्ह्यात बातमी उठली की हैबतीआबांच्या सुनेनं बिरोबाचा भंडारा घमेलं भरून ओढ्यात ओतला. वेल्ह्याहून नसरापूरला जाईतो घमेल्याचं पोतं झालं. चेलाडी फाट्यावर तर छातीठोक सांगत होते, ओढा पिवळाधमक झाला, मासे पोट वर करून तरंगले आणि देवानं तिच्या जीपची चाकं जागच्या जागी रुतवली.

आता खरं ऐका. पिवळं पाणी निघालं होतं, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण ते निघालं जीपच्या रेडिएटरातून आणि गेलं परसातल्या खड्ड्यात. माशांचं म्हणाल, तर त्या ओढ्याला चैत्रात पाणीच नसतं. मासे तरंगणार कशावर, दगडावर? आणि चाकं अजून चौघी बहिणींसारखी नीट फिरतायत. बातमीत खरी निघाली ती फक्त सून.

ती सून म्हणजे सुलक्षणा. वेल्ह्याच्या वरच्या अंगाला जी धनगरवस्ती आहे, तिथलं शेवटचं घर तिचं. वय चाळिशीच्या अल्याड-पल्याड, बांधा आडवा, आणि आवाज असा की खालच्या रस्त्यावर म्हशी बाजूला होतात, हॉर्न वाजवावा लागत नाही. ती वडाप चालवते. वेल्ह्याच्या स्टँडवर जीपमध्ये माणसं भरायची, पासलीला सोडायची, कुणाला पुढं खिंडीपर्यंत जायचं असेल तर तेही करायचं. एसटी येते तेव्हा येते. सुलक्षणा मात्र येतेच.

जीप मुळात तिच्यासाठी घेतलेली नव्हती. हैबतीआबांनी ती घेतली पोरासाठी, संपतसाठी. संपतला गाडी चांगली यायची, एकच खोड होती. उतार लागला की तो डोळे मिटायचा. ही गोष्ट बरेच दिवस त्याची त्यालाच ठाऊक होती. एकदा पुढं बसलेल्या पासलीच्या म्हातारीनं सहज मान वळवून पाहिलं, आणि तिनं जी बोंब ठोकली त्यानंतर संपतच्या गाडीत बोकडसुद्धा चढेना. संपत आनंदानं मेंढरांकडं परत गेला. "मेंढरं बरी," तो म्हणतो, "सुट्टं मागत न्हाईत आन् मागनं वरडत न्हाईत."

जीप उभी राहिली. कोंबड्या तिच्यात अंडी घालायला लागल्या. तेव्हा सुलक्षणेनं एक दिवस अंडी काढली, सीट पुसली आणि मेंढरं बसवायच्या माळावर गाडी गोल गोल फिरवायला सुरुवात केली. लायसन काढलं. मग कुणाला न विचारता स्टँडवर नंबर लावला. पहिल्या दिवशी गाडीत फक्त बायकाच बसल्या. पुढची सीट तिनं तेव्हापासून बायकांसाठीच ठेवली. स्टँडवर दुसरी वडाप चिमाजीची, त्याच्या जीपमध्ये बाईमाणसाला मागं, दाराला लोंबकळणाऱ्या गड्यांच्या कोपरांखाली बसावं लागतं. सुलक्षणेच्या गाडीत पाटीवाली भागूबाईसुद्धा पुढं बसते, काचेतून बघते आणि दिसेल त्याची बातमी करते.

आता भंडाऱ्याची गोष्ट. ही जुनी आहे.

जीप घेतली त्या साली घरची सगळी माणसं खिंडीतल्या बिरोबाच्या जत्रेला गेली होती. येताना रेडिएटर गळायला लागला. घाटातल्या चालकांचा एक जुना तोडगा आहे: अशा वेळी आत चिमूटभर हळद टाकायची. हळद फुगते, चिरेत जाऊन बसते, गळती थांबते, गाडी घरापर्यंत येते. हळद कुणाकडं नव्हती. आबांच्या कमरेला भंडाऱ्याची पिशवी होती. आबांनी "बिरुबाच्या नावानं" म्हणून मूठ आत सोडली आणि गळती बसली. भंडारा म्हणजे तरी हळदच. पण हे हैबतीआबांना सांगणार कोण? ज्याला घरी जाऊन सुखानं जेवायचं असतं, तो सांगत नाही.

तेव्हापासून रीत पडली. दर जत्रेला परत निघताना आबा बॉनेट उघडायला लावायचे, माणसांच्या कपाळाला भंडारा लावून झाला की उरलेली मूठ रेडिएटरात. गाडीलाही प्रसाद. गळती असो नसो. वस्तीला ह्याचा केवढा अभिमान! "आमची जीप देवाच्या पान्यावर चालती," असं पोरंसुद्धा सांगायची.

देवाच्या पाण्यावर चालणारी जीप पुढं पुढं तापायला लागली. पासलीचा चढ अर्धा झाला की काटा लाल रेघेकडं सरकायचा, आणि पिंपरणीच्या वळणावर बॉनेटमधून अशी वाफ निघायची की वाटावं आत कुणी भात शिजत घातलाय. गाडी थांबायची. चाकामागं दगड लागायचा. माणसांना इतकी सवय झाली होती की ती पाण्याच्या दोन बाटल्या घेऊनच निघायची, एक स्वतःला आणि एक जीपला. वळणावर बायका पाय मोकळे करायच्या, गडी बिड्या ओढायचे. तो धोंडा तर इतका वापरात होता की गुळगुळीत झाला होता. भागूबाई त्याला कुंकू लावायच्याच बेतात होती.

हे सगळं चाललं असतं. पण जत्रा जवळ आली तसं चिमाजीनं पारावर आबांच्या शेजारी बसून काडी टाकली. "आबा, जीप तुमची जातिवंत हाय. पर चालवनारा हात पायजे. बाईच्या हाताला यंत्र तापतंच. मला द्या चालवायला. तुमाला बसल्या जागी वाटा."

वाट्यानं आबा हलले नाहीत. 'बाईच्या हाताला' हे मात्र त्यांच्या कानात जाऊन बसलं. देवाचं पाणी गाडीत असताना गाडी तापते, म्हणजे दोष पाण्याचा नसणार, दोष हाताचाच. त्यांनी साऱ्या पारासमोर काठी आपटली. "जत्रंला गाडी खिंडीत न्यायची. वळनावर परत वाफ आली, तर चावी तितंच चिमाजीच्या हातात."

ही बातमी भागूबाईनं पाटीसकट धावत येऊन सांगितली. "सुले, तुजी चावी चालली गं!"

सुलक्षणा भाकरी थापत होती. तिनं भाकरी पुरी थापली, तव्यावर टाकली, वरून पाण्याचा हात फिरवला आणि मग म्हणाली, "काकू, चावी माज्या कंबरंला हाय. ती चालत न्हाई, मीच चालवते."

बोलली खरी, पण त्या रात्री ती चावी कमरेला ठेवूनच झोपली. चावी गेली की काय जातं, हे तिला नीट माहीत होतं. चावी नव्हती तेव्हा बाजाराला जायचं तर संपतला विचारा, संपत आबांना विचारणार, आबा आभाळाकडं बघणार. आता स्टँडवर माणसं तिची वाट बघत उभी असतात. एकदा ह्या गोष्टीची चव लागली की माणूस ती थुंकून टाकत नाही.

दुसऱ्या दिवशी ती जीप घेऊन पप्पू मिस्त्रीकडं गेली. पप्पूचं गॅरेज म्हणजे वेल्ह्याच्या रस्त्याकडेला चार खांबांवर पत्रा. माणूस कामाचा आहे, पण भित्रा. कुत्र्याला, पोलिसाला आणि देवाला सारखाच भितो. त्यानं पंख्याचं पातं धरून हलवलं, तर ते दुखऱ्या दातासारखं डुगडुगलं.

"वॉटर पंप संपलाय, वयनी. बेरिंगच न्हाई राह्यलं. खालनं गळतंय बगा." मग त्यानं वरचा होस पाइप दाबला. तो अजगरानं कोंबडी गिळावी तसा मधोमध फुगला होता. "ह्यो बी गेला. पट्ट्याला चिरा हायेत. झाकणाचं रबर वाळलंय. आन् थर्मोस्टॅट चिकाटलेला असनार."

"ते काय असतं?"

"दार असतंय. विंजन गरम झालं की दार उगडतं, पानी रेडेटरमदी जातं, गार हून परत येतं. दारच उगडंना तर पानी आतल्या आत उकळतंय. काढून टाकू. बिनदाराचं चालतंय."

"घराला दार नसलं तर चालतं व्हय? नवं बसव. आन् समदं आतनं धुवून काढ."

धुण्याचं नाव काढल्याबरोबर पप्पूचा हात पाइपावरून उडाला. "आत भंडारा हाय."

"म्हनूनच तर. त्यानंच नळ्या तुंबल्यात."

"तसं न्हाई वयनी. नवं सामान मी बसवीन. पर आतला भंडारा मी भाईर काढनार न्हाई. उद्या माज्या लेकराला ताप आला तर?"

"माजी गाडी रोज तापती, तिचं काय?"

पप्पू हलला नाही. हत्यारं मात्र देतो म्हणाला. सुलक्षणा एसटीनं चेलाडी फाट्यावर गेली. तिथल्या दुकानदारानं सामान काऊंटरवर मांडलं आणि तिच्या मागं बघत विचारलं, "मालक कुठायत? त्यांना एकदा दाखवू की." ती म्हणाली, "मालक मेंढरांत हाय. त्याला दाखवलं तर तो ह्यातलं काय बी पाल्यासंगं बकऱ्याला घालंल. मला दावा."

आबा आणि संपत मेंढरं घेऊन वरच्या कुरणात गेले तो दिवस तिनं धरला. गाडी परसात घेतली. झऱ्यावरून वस्तीला आणलेला काळा पाइप तिथवर येतो. पाणी डोंगरातून येतं म्हणून त्याला जोर चांगला. पप्पूही आला, पण परसात नाही. कुंपणाच्या दगडी गडग्यापलीकडं डबा पालथा घालून, गाडीकडं पाठ करून बसला.

"मी सांगत न्हाईये," तो आधीच म्हणाला. "मी आपला बसलोय. मनाशी बोलतोय. कुनी आयकलं तर माजा विलाज न्हाई."

"बोल की मग मनाशी."

"विंजन गार हाय का? गरम गाडीचं झाकण उगडनारी मानसं मी पाह्यलीत. त्यांच्या भिवया मी पाह्यल्या न्हाईत."

इंजिन सकाळपासून थंड होतं. सुलक्षणेनं रेडिएटरखालची तोटी फिरवली. काही आलं नाही. तारेनं टोकरलं, तरी नाही. शेवटी खालचा पाइप पक्कड लावून ओढला, आणि आधी आला एक गोळा, मग भस्सकन सगळं.

पिवळं म्हणण्यासारखं ते राहिलं नव्हतं. वरून हळदी, खाली गंजाचं तांबडं, आणि मधे पिठल्यासारखा गाळ. वासही पिठल्याचाच, करपलेल्या. तिनं घमेलं आधीच खाली लावलं होतं. गाडीखालचं पाणी मेंढरू चाटतं आणि मग दोन दिवस मान टाकून बसतं, हे धनगराच्या घरात सांगावं लागत नाही. आणि भंडारा पायदळी जाऊ द्यायचा नाही, हेही नाही. म्हणून तिनं पहाटेच आंब्याच्या पलीकडं, कुणाचा पाय पडत नाही अशा जागी, खोल खड्डा घेऊन ठेवला होता. प्रत्येक घमेलं तिथं नेलं. पहिल्या घमेल्याला हात जोडले. पुढच्यांना नाही, हात रिकामे कुठं होते?

"आता वरनं घालायचं पानी का खालनं?" तिनं विचारलं.

पप्पू आभाळाकडं बघून म्हणाला, "जो ज्या वाटंनं आत गेला, त्याला परत त्याच वाटंनं भाईर काढावा. उलटा. खालनं पाइप लावावा, वरनं येऊ द्यावं. असं मला आपलं वाटतंय."

खालून झऱ्याचं पाणी लावलं तशा रेडिएटरच्या तोंडातून खपल्या उसळायला लागल्या. जत्रांमागून जत्रा वर आल्या. पाणी पिवळं, मग फिकट, मग चहासारखं, आणि बऱ्याच वेळानं झऱ्याचं होतं तसं. इंजिनही तसंच धुतलं. मग तिनं वॉटर पंप बसवला, खाली नवी पॅकिंग. नट आवळताना पप्पू गडग्यापलीकडून ओरडला, "समोरासमोरचे आवळ! एकाच अंगाला जोर दिला तर तोंड वाकडं होतं."

"कुनाचं?"

"पंपाचं, वयनी!"

थर्मोस्टॅट बसवण्याआधी तिला तो तपासून बघायचा होता. चुलीवर चहाच्या पातेल्यात पाणी ठेवलं आणि जुना-नवा दोन्ही त्यात सोडले. पाणी उकळलं तसं नव्यानं दार उघडलं. जुना हूं का चूं न करता मिटलेलाच. नेमकी तेव्हाच भागूबाई मीठ मागायला आली. तिनं चुलीवर उकळतं लोखंड पाहिलं, दारात पिवळे डाग पाहिले, खड्ड्याशेजारी भरलेलं शेवटचं घमेलं पाहिलं, आणि मीठ न घेताच परतली. पुढचं ओढ्यातल्या माशांपर्यंतचं सगळं तिचंच.

बातमी कुरणात पोचायला वेळ लागला नाही. आबा काठी टेकत उतरले, मागं मेंढरं, मेंढरांमागं संपत. सुलक्षणा तेव्हा रेडिएटरात नवं कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवायचं पाणी, भरत होती, लालभडक, सरबतासारखं. झाकण उघडं ठेवून गाडी चालू केलेली. हातानं पाइप दाबून ती आतली हवा काढत होती. बुडबुडे येत होते आणि ती वरून भर घालत होती.

गडग्यापलीकडचा डबा रिकामा होता. पप्पू कधी गेला, त्याचं त्यालाच ठाऊक.

"देव भाईर काढलास!" आबांनी काठी उगारली. "म्या इतकी वर्सं घातल्याला!"

"देव न्हाई, मामंजी. गाळ." तिनं शेवटचं घमेलं त्यांच्यासमोर धरलं. "वास घ्या. तुमचा देव असा वास मारतो व्हय?"

आबांनी तोंड फिरवलं. पण फिरवण्याआधी नाक आलं होतंच. ते खोकले.

"संपत! तुजं काय म्हननं?"

संपतनं बायकोकडं पाहिलं, बापाकडं पाहिलं. मग म्हणाला, "मेंढरं तानलीत," आणि पाइप उचलून मेंढरांकडं गेला. त्याच्यापुरता विषय संपला.

"जत्रंला बगू," आबा म्हणाले. "टिपूसभर वाफ दिसंना का, चावी चिमाजीची."

जत्रेच्या दिवशी जीप भरली, पण गोतावळा बिचकतच चढला. देव बाहेर काढलेल्या गाडीत बसावं की नाही, ह्यावर घराघरात खल झाला होता. शेवटी चालत जाण्यापेक्षा पाप परवडलं. प्रत्येकाच्या हातात दोन-दोन बाटल्या होत्याच. पुढं बाईमाणसाच्या सीटवर आज आबा बसले, मांडीवर भंडाऱ्याची पिशवी, नजर काट्यावर. चिमाजी आपली जीप घेऊन मागोमाग निघाला, आरशात दिसेल इतक्या अंतरानं. पोरीच्या लग्नात रुसून मागं चालणाऱ्या मामासारखा.

वेल्हे मागं पडलं. चढ सुरू झाला. सुलक्षणेनं गिअर टाकला आणि ती काट्याकडं बघेना. बघितलं असतं तर पाय हलला असता. तिच्याऐवजी आबा बघत होते आणि ती आबांकडं बघत होती. म्हाताऱ्याच्या भुवया वर गेल्या की समजायचं काटा वर गेला. भुवया मधोमध येऊन थांबल्या. इंजिनाचा आवाज जड झाला, वळण आलं, पिंपरण दिसली, तो गुळगुळीत धोंडा दिसला. मागं सगळ्यांनी सवयीनं बाटल्यांची झाकणं फिरवली.

गाडी थांबली नाही.

"अगं थांब की!" मागून भागूबाई ओरडली. "माजे पाय आखडलेत!"

"वर सोडा पाय, काकू. खिंडीत जागा लई हाय."

मागं कुणीतरी खुदकन हसलं, मग गाडीभर हसू फुटलं, आणि उघडलेल्या बाटल्यांतलं पाणी एकमेकांच्या अंगावर सांडलं. आबा हसले नाहीत. त्यांच्या भुवया होत्या तिथंच होत्या.

खिंडीत देवदर्शन झालं. सुलक्षणेनं कपाळभर भंडारा लावून घेतला, डोळे मिटून, मनापासून. ह्या बाबतीत तिला कुणी नावं ठेवू शकलं नसतं. ढोल थांबले, माणसं परत जीपपाशी जमली. चिमाजीही येऊन उभा राहिला. वाफ दिसली नव्हती, तरी आशा माणसाला उभं ठेवते.

आबांनी पिशवीत हात घातला आणि मूठ भरली.

"चढली, म्या बगितलं. चांगली चढली. आता बॉनेट उगड. रीत हाय ती मोडायची न्हाई. देवाचं देवाला घाल."

सुलक्षणा बॉनेटसमोर जाऊन उभी राहिली, पाठ त्याला टेकून. "गरम हाय, मामंजी."

"मग गार हूस्तवर थांबतो. येक मूठ पडल्याबिगर गाडी हलायची न्हाई. न्हाईतर चावी आन हिकडं."

एका मुठीचा तर प्रश्न. चिमटीभर जाऊ द्यावा, म्हाताऱ्याचं मन राखावं, चावी राखावी. उभ्या असलेल्या निम्म्या माणसांनी डोळ्यांनी तिला हेच सांगितलं. संपतसुद्धा हळूच म्हणाला, "घे की गं. उद्या परत धुशील."

चिमाजीनं हात पुढं केला. आबांकडं की तिच्याकडं, ते नीट कळलं नाही, पण तळवा उघडा होता.

सुलक्षणेनं त्या तळव्याकडं पाहिलं, आबांच्या पिवळ्या मुठीकडं पाहिलं, कमरेची चावी चाचपली आणि पदर खोचला.

"भंडारा माज्या कपाळाला हाय, चावी माज्या कंबरंला हाय, आन् रेडेटरमदी त्याचं पानी हाय. ज्याची त्याची जागा ठरली, मामंजी, आता कुनाची बदलायची न्हाई. बसायचं तर बसा, न्हाईतर चालत या."